कंप्रेसर चालू झाला की यूएसबी बोर्ड गायब, मागोमाग अख्खी सिस्टीम हँग. ड्रायव्हरने डिसकनेक्ट नक्की कसा हाताळायचा?

रावेर_केळी०

नमस्कार मंडळी, मी रावेरचा. घरचे केळी पिकवायचे चार रायपनिंग चेंबर आहेत, काका बघतात, आणि त्यांचं कंट्रोल गेल्या वर्षी मी स्वतः बनवलं. एसटीएम३२ चा (छोट्या मायक्रोकंट्रोलरचा) बोर्ड आहे, त्याला तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर, कंप्रेसर आणि पंख्याचे रिले, आणि हा बोर्ड यूएसबीने रास्पबेरी पायला (छोट्या लिनक्स कॉम्प्युटरला) जोडलेला. लिनक्सचा ड्रायव्हर मीच लिहिलाय, शिकायचं होतं म्हणून. तो डेव्ह फोल्डरमध्ये केळी० नावाचा नोड (बोर्डशी बोलायची फाइल) देतो, आणि पायथनचा एक लॉगर तो नोड दिवसरात्र उघडा ठेवून वाचत बसतो. किती डिग्रीला कंप्रेसर चालू करायचा हे पण तोच ठरवतो.

प्रॉब्लेम असा की लाईट जाऊन परत आली आणि सगळे कंप्रेसर एकदम उठले की लॉगमध्ये आधी हबची ओळ येते, पोर्ट डिसेबल्ड बाय हब, त्याच्यापुढे ईएमआय (विजेचा गोंगाट) आणि प्रश्नचिन्ह, मग यूएसबी डिसकनेक्ट, आणि मग कधी काहीच होत नाही तर कधी थेट कर्नल ऊप्स (लिनक्सच्या गाभ्यातली गंभीर चूक) येऊन मशीन ठप्प. मागच्या आठवड्यात रात्री दोनला असं झालं, कोणाला कळलंच नाही, सकाळी तीन नंबर चेंबरमध्ये गेलो तर १७ डिग्रीला पाहिजे तो माल २३ ला. केळी वरून पिवळी दिसत होती पण आतून मऊ पडलेली, व्यापाऱ्याने भाव पाडला, आणि काका काही बोलले नाहीत त्याचं जास्त वाईट वाटलं.

आता ड्रायव्हरचं. डिसकनेक्ट कॉलबॅकमध्ये (बोर्ड निघाला की कर्नल बोलावतो ते फंक्शन) मी यूआरबी (यूएसबी डेटाच्या विनंत्या) फ्री करतो, नोड काढतो आणि शेवटी माझं स्ट्रक्चर (बोर्डची माहिती ठेवलेली मेमरी) केफ्री करतो, म्हणजे मेमरी परत देतो. मग वाटलं लॉगर अजून वाचतोय म्हणून गडबड होत असेल, म्हणून डिसकनेक्टमध्येच लॉगर नोड बंद करेपर्यंत थांबायचं असं केलं, तर आता ऊप्स येत नाही पण त्यानंतर माऊस लावला तरी ओळखत नाही, रीबूटच करावं लागतं. माझे प्रश्न असे: कोणी नोड उघडलेला असताना डिसकनेक्टला नाही म्हणता येतं का? नाही म्हणता येत नसेल तर मेमरी फ्री कधी करायची? आणि बोर्ड दोन सेकंदात परत येतोच, तर ड्रायव्हरने मधला खंड लपवून लॉगरला कळूच दिला नाही तर चालेल का?

धुळे_कर्नल

नाही म्हणता येत नाही भाऊ. वायर निघाली ती निघाली, कर्नल तुला परवानगी मागत नाहीये, बातमी देतोय. यूएसबीच्या डिसकनेक्टला रिटर्न व्हॅल्यूच नाही, व्हॉइड आहे. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या रिमूव्हला पूर्वी इंट (आकडा परत देणं) होता आणि लोक त्यात बिझी वगैरे एरर द्यायचे, कर्नल ती नुसती छापून पुढे जायचा, शेवटी तिथेही व्हॉइड केलं. बरेच जण इथे गल्लत करतात, फाइल ऑपरेशन्समध्ये ओनर दिलेला असतो म्हणून नोड उघडा असताना आरएममॉड (ड्रायव्हरचं मॉड्यूल काढायची कमांड) केलं की मॉड्यूल इन यूज म्हणून नकार मिळतो, आणि त्यावरून वाटतं की उघडा नोड म्हणजे आपण सुरक्षित. तो नकार मॉड्यूलच्या कोडसाठी आहे, डिव्हाइससाठी नाही. मॉड्यूल जागेवर राहील, पण खालचं हार्डवेअर कधीही जाईल.

तुझं थांबायचं जे लॉजिक आहे ते आधी काढ. डिसकनेक्ट हबच्या वर्ककू (कामांची रांग) मधून चालतो, तू तिथे झोपून राहिलास की त्या हबवरचं पुढचं सगळं काम तुझ्यामागे रांगेत उभं राहतं, म्हणून माऊस ओळखत नाही. आणि लॉगर कधी बंद करेल हे तुझ्या हातात कुठे आहे? कोणी महिनाभर नोड उघडा ठेवला तर महिनाभर थांबणार का?

आता मेमरीचं. तू डिव्हाइसचं आयुष्य आणि तुझ्या स्ट्रक्चरचं आयुष्य एकच धरलंयस, सगळी गडबड तिथे आहे. तुझ्याच धंद्यातलं सांगतो. केळीचा ट्रक गेला तरी काट्याची पावती तुझ्याकडे राहते, व्यापाऱ्याचा हिशोब मिटेपर्यंत ती कोणी फाडत नाही. ट्रक म्हणजे बोर्ड, पावती म्हणजे तुझं स्ट्रक्चर, आणि ज्याचा हिशोब बाकी आहे तो म्हणजे उघडा नोड. तू ट्रक फाट्यावरून वळला की पावती फाडतोयस, आणि मग लॉगर येऊन म्हणतो दाखव पावती, तिथे ऊप्स.

म्हणून स्ट्रक्चरमध्ये केरेफ (किती जण वापरतायत त्याची मोजणी) ठेव. प्रोबमध्ये (बोर्ड जोडला की चालतं ते फंक्शन) एक मोजणी, प्रत्येक ओपनला एक वाढव, रिलीजला एक कमी, डिसकनेक्टला प्रोबवाली एक कमी. जो शेवटचा सोडेल त्याच्या हातून केफ्री होईल, तो डिसकनेक्ट असो की लॉगरचा क्लोज. आणि सोबत डिसकनेक्टेड नावाचा एक फ्लॅग, तो म्युटेक्सच्या (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आत सेट करायचा. रीड, राइट, आयऑक्टल सगळीकडे आधी तोच म्युटेक्स घ्यायचा, फ्लॅग बघायचा, लागलेला असेल तर हार्डवेअरला हात न लावता ईनोडेव्ह (डिव्हाइस नाही अशी एरर) देऊन परत. फ्लॅग बघून म्युटेक्स सोडला आणि मग हार्डवेअरशी बोलला तर काही उपयोग नाही, मधल्या फटीतच वायर निघते, मी हे भोगलंय.

कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स, यूएसबी फोल्डरात यूएसबी स्केलेटन नावाची फाइल आहे, ती पूर्ण वाच, हेच सगळं त्यात आहे. नोड काढला म्हणजे सगळे बाहेर गेले असं समजू नकोस, सीडेव्ह डेल (नोड काढणारं फंक्शन) च्या वरच्या कमेंटमध्ये सरळ लिहिलंय की नवीन ओपन होणार नाही पण आधीपासून उघडे असलेले तसेच राहतील आणि त्यांच्या फंक्शन्सना नंतरही कॉल येत राहतील.

अमळनेर_ते_पुणे

वरच्या उत्तरात मुख्य गोष्ट आली, मी क्रमाबद्दल सांगतो कारण केरेफ लावूनही लोक क्रमात चुकतात आणि मग कधीतरी महिन्यातून एकदा येणारा क्रॅश शोधत बसतात.

आधी नवीन येणाऱ्यांचं दार बंद, म्हणजे नोड डीरजिस्टर. मग म्युटेक्स घेऊन फ्लॅग लाव आणि म्युटेक्स सोड. मग जे झोपलेत त्यांना उठव. हे शेवटचं सगळे विसरतात. तुझा लॉगर रीडमध्ये डेटा यायची वाट बघत वेट इव्हेंटवर झोपला असेल, बोर्ड गेला, आता डेटा कधीच येणार नाही, तर तो जन्मभर तिथेच. वेटच्या कंडिशनमध्येच "डेटा आला किंवा डिसकनेक्टेड" असं लिही आणि डिसकनेक्टमध्ये वेक अप ऑल कर. पोल (डेटा आला का हे सांगणारं फंक्शन) पण लिहिलं असशील तर त्यात हँगअप आणि एरर दोन्ही बिट दे, नाहीतर सिलेक्ट वापरणारा प्रोग्रॅम गप्प बसून राहील.

त्यानंतर यूआरबी किल, फ्री नव्हे. किल यूआरबी हे कंप्लीशन हँडलर (विनंती पूर्ण झाली की चालणारा कोड) संपेपर्यंत थांबतं, म्हणून ते स्पिनलॉक (धरलं की झोपता येत नाही असं कुलूप) धरून किंवा कंप्लीशनच्या आतून करायचं नाही. मग टायमर आणि वर्क, तेही सिंक वाल्या (काम संपेपर्यंत थांबणाऱ्या) फंक्शनने कॅन्सल. इथे एक खड्डा आहे, टायमर परत स्वतःला किंवा वर्क टायमरला चालू करत असेल तर नुसता डिलीट सिंक पुरत नाही, कर्नल ६.२ पासून टायमर शटडाऊन सिंक आलंय, ते केल्यावर कोणी परत आर्म (चालू) केला तरी होत नाही, तेच वापर. आणि वर्क कॅन्सल करताना तो म्युटेक्स हातात ठेवू नकोस जो वर्कलाही लागतो, तू वर्कसाठी थांबला, वर्क म्युटेक्ससाठी थांबला, दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील.

सर्वात शेवटी केरेफ पुट, म्हणजे मोजणी एक कमी.

अजून एक, तुझ्या कंप्लीशन हँडलरमध्ये एरर आली की लगेच यूआरबी परत सबमिट करतोस का? बहुतेक करत असशील. वायर निघाली की हबच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो, त्या वेळात यूआरबी वजा ७१ म्हणजे ईप्रोटो (यूएसबी संवादातली एरर) घेऊन परत येतात, तू लगेच परत पाठवतोस, ते लगेच परत येतात, लॉग भरून वाहतो आणि सीपीयू त्यातच गुंततो. ईनोएंट, ईकॉनरीसेट, ईशटडाऊन (विनंती रद्द झाली किंवा डिव्हाइस गेलं) आलं तर परत पाठवायचंच नाही. ईप्रोटो सारखं काही आलं तर थोडं थांबून डिलेड वर्कमधून पाठव आणि तीन-चार वेळा झालं की सोडून दे, डिसकनेक्ट येतच असतो.

आणि स्ट्रक्चरला डेव्हएम केझॅलॉक वापरलं असशील तर काढ. डेव्हएम वाली मेमरी ड्रायव्हर अनबाइंड (डिव्हाइसपासून वेगळा) झाला की कर्नल स्वतः फ्री करतो, तुझा केरेफ किती आहे हे त्याला माहीतच नाही. प्रोबच्या पुरत्या गोष्टींना, क्लॉक, रेग्युलेटर वगैरेला ते छान आहे, पण ज्या मेमरीला उघडा नोड हात लावणार ती कधीही डेव्हएमने घ्यायची नाही. ही चूक नवशिक्यांचीच असं समजू नकोस, कर्नलमधल्या जुन्या जुन्या सबसिस्टीममध्येही निघाली, जीपीआयओच्या (इनपुट-आउटपुट पिनांच्या) कोडमध्ये चिप गेल्यावर उघड्या नोडचं काय हा घोळ इतका होता की २०२४ मध्ये कर्नल ६.९ साठी तिथलं लॉकिंग आणि ऑब्जेक्टचं आयुष्य हे सगळं नव्याने मांडावं लागलं. ग्राफिक्सवाल्यांनी त्यांच्यापुरतं डीआरएम डेव्ह एंटर आणि एक्झिट अशी जोडी केलीये, आत शिरताना हार्डवेअर आहे का विचारायचं, निघताना सांगायचं, आणि अनप्लग वाला आत असलेले सगळे बाहेर येईपर्यंत थांबतो. इथे थांबलं तर चालतं कारण आतला माणूस दोन मिलिसेकंदात बाहेर येतो, तो महिनाभर उघडा नोड धरून बसलेला लॉगर नाही. तुझ्या पहिल्या प्रयत्नात आणि ह्यात एवढाच फरक आहे पण तोच सगळा फरक आहे.

नंदुरबार_फर्मवेअर

मी थोडं वेगळं मत मांडतो. तिसऱ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. मला वाटतं लपवायला हरकत नाही, बोर्डचा सीरियल नंबर लक्षात ठेवायचा, दोन सेकंदात तोच परत आला तर जुनंच स्ट्रक्चर त्याला जोडायचं आणि लॉगरला काही कळायचं नाही. शेतकऱ्याला किंवा चेंबरवाल्याला रिकनेक्ट वगैरेशी काय घेणं, त्याला चालू पाहिजे. मी एका पंपाच्या कंट्रोलरला असं केलंय आणि वर्षभर चाललंय.

धुळे_कर्नल

चाललं असेल भाऊ, पण मी तसं करणार नाही, आणि कारण सांगतो. बोर्ड परत आला म्हणजे तो रीसेट होऊन आला असेल. ईएमआयने यूएसबी पडतं तेव्हा बऱ्याचदा कंट्रोलर पण रीसेट होतो, म्हणजे रिले सगळे ऑफ, सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) डिफॉल्टवर. वर लॉगरला वाटतंय की मी दहा मिनिटांपूर्वी कंप्रेसर चालू केलाय, तो चालूच आहे. ड्रायव्हरने खंड लपवला की खोटं बोलला, आणि त्या खोट्यावर १७ डिग्रीचा निर्णय घेतला जातोय. लॉगरला ईनोडेव्ह मिळालं तर तो निदान नोड बंद करेल, नवीन उघडेल, आणि सगळ्या सेटिंग परत पाठवेल. बोर्ड गेल्यावर काय करायचं हे वरचा प्रोग्रॅम ठरवेल, ड्रायव्हरने खरं सांगायचं.

टीटीवाय (लिनक्सचे टर्मिनल आणि सीरियल पोर्ट) कडे बघ, किती जुनं आहे ते. हँगअप झालं की त्याची फाइल ऑपरेशन्सच बदलतात, वाचलं तर शून्य, लिहिलं तर ईआयओ एरर. कोणी लपवत नाही. आणि टीटीवाय यूएसबी ० निघून लावल्यावर यूएसबी १ का होतो म्हणून सगळे वैतागतात, ते ह्यामुळेच, जुना नंबर कोणीतरी उघडा धरून ठेवलाय. एरर आली की जुना बंद कर, आणि नावासाठी यूडेव्ह (लिनक्समध्ये नोडला नाव देणारी यंत्रणा) रूलने सिमलिंक (नोडला कायमचं दुसरं नाव) घे. चार चेंबरचे चार बोर्ड असतील तर प्रत्येकाला वेगळा सीरियल नंबर फर्मवेअरमध्येच दे, नाहीतर कुठल्या पोर्टला लागलाय त्यावरून नाव ठरवावं लागतं आणि सफाईवाल्याने वायरी अदलाबदल केल्या की एक नंबरचा पंखा तीन नंबरला.

नंदुरबार_फर्मवेअर

रीसेटचा मुद्दा मान्य. माझ्या कंट्रोलरमध्ये सेटपॉइंट फ्लॅशमध्ये असतात म्हणून अडलं नसेल. तरी पंप मध्येच बंद पडून परत चालू झाला ते माझ्या लॉगमध्ये दिसत नाही हे खरंय, आज तपासतो.

भुसावळ_पॅनेल

मी कोडवाला नाही, पॅनेल बनवतो, २० वर्षं झाली. ड्रायव्हर नीट कराच, पण पोरा, बोर्ड पडतोच का ते कोण बघणार? एसी कॉइलच्या कॉन्टॅक्टरवर (मोठा रिले) आरसी स्नबर (विजेचे झटके दाबणारी जोडणी) लावलाय का? कॉइलच्या दोन टोकांना १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, कपॅसिटर एक्स२ (मेन्स लाइनसाठीचा सुरक्षित प्रकार) चाच घे, साधा नको. डायोड लावू नको, तो डीसी कॉइलला. यूएसबीची वायर कंप्रेसरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली असशील तर आजच वेगळी कर. आणि लांबी किती आहे? पाच मीटरच्या वर यूएसबी ओढायचीच नाही, चेंबर चार आहेत म्हणजे लांब असणार, तिथे आरएस४८५ (लांब अंतराची सीरियल जोडणी) टाक, शेतात शेकडो मीटर जातं ते. यूएसबीच ठेवायची असेल तर मध्ये आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल जाऊ देणारा) बसव, तुझा बोर्ड फुल स्पीड म्हणजे १२ एमबीपीएसचा असेल तर त्याचे मिळतात. पायचा सप्लाय पण बघ, लॉगमध्ये अंडर व्होल्टेज असं येतंय का.

सगळ्यात मोठं मात्र हे. तुझं कंप्रेसर कंट्रोल पायमधल्या पायथनवर कशाला? बोर्डलाच सांग की सेटपॉइंट १७, बाकी तू सांभाळ. वरून तीस सेकंद निरोप आला नाही तर बोर्डने शेवटच्या सेटपॉइंटवर स्वतः कंट्रोल करत राहायचं. आणि चेंबरमध्ये इथिलीन सोडतोस, कार्बन डायऑक्साइड साचतो, आत माणसं जातात, व्हेंटचा पंखा तर कधीच कॉम्प्युटरच्या भरवशावर नको. इकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, अर्धा तास कंप्रेसर बंद म्हणजे माल गेला. तुटलं तर दोन्ही बाजूंना कळलं पाहिजे, नुसतं ड्रायव्हरला कळून काय उपयोग.

अमळनेर_ते_पुणे

भुसावळच्या काकांचं शेवटचं वाक्य मला पण लागू आहे. ऑफिसात पीसीआय एक्सप्रेसचं (कॉम्प्युटरमध्ये बसणाऱ्या कार्डांच्या जोडणीचं) काम करतो, तिथे कार्ड निघून गेलं की रजिस्टर वाचलं तर एरर येत नाही, सगळे बिट एक येतात. आमच्याकडे एक लूप होता, बिझी बिट शून्य होईपर्यंत फिरायचा, टाइमआउट नव्हता. कार्ड गेलं, बिट कायम एक, सीपीयू तिथेच अडकला आणि सॉफ्ट लॉकअपची ओरड. दोन गोष्टी तेव्हापासून करतो, प्रत्येक पोलिंग लूपला टाइमआउट, आणि वाचलेली व्हॅल्यू सगळे एक असेल तर आधी कार्ड आहे का ते विचार. तुझं यूएसबी असल्यामुळे हे तुला लागणार नाही पण धागा कोणी नंतर वाचेल म्हणून लिहिलं.

टेस्ट कशी करायची हे विचारलं नाहीस पण सांगतो, वायर उपसत बसू नको, हात दुखतात आणि नेमका क्षण सापडत नाही. सिसएफएसमध्ये (कर्नल स्वतःची माहिती जिथे फाइलींतून दाखवतो) ड्रायव्हरच्या फोल्डरात अनबाइंड नावाची फाइल असते, त्यात तुझ्या इंटरफेसचं नाव लिहिलं की डिसकनेक्ट चालतो, बाइंडमध्ये लिहिलं की परत प्रोब. एका टर्मिनलमध्ये हे लूपमध्ये सोड, दुसऱ्यात दहा प्रोसेस नोड उघडून वाचत, लिहीत, बंद करत राहू दे. कर्नल कॅसॅन चालू करून बांध, म्हणजे फ्री केलेल्या मेमरीला कोणी हात लावला की तिथल्या तिथे स्टॅकसकट पकडतो. मात्र अनबाइंडमध्ये हार्डवेअर जिवंत असतं, ईप्रोटोचा पाऊस त्यात दिसणार नाही, त्यासाठी शेवटी खरी वायर ओढावीच लागते.

रावेर_केळी०

सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवसांनी लिहितोय कारण करून बघायचं होतं.

केरेफ आणि फ्लॅग टाकला, स्ट्रक्चर खरंच डेव्हएमने घेतलेलं होतं, म्हणजे मी केफ्री करत होतो आणि वरून कर्नल पण करत होता. ते आता साध्या केझॅलॉकवर आहे. कंप्लीशनमध्ये डोळे झाकून रीसबमिट होतं तेही बदललं. अनबाइंडचा लूप लावला तर पहिल्या चार मिनिटांत कॅसॅनने पकडलं, टायमर. मी डिलीट सिंक केलं होतं पण वर्क त्याला परत चालू करत होतं, अगदी अमळनेरवाल्या दादांनी लिहिलं तसंच. शटडाऊन सिंक केल्यावर रात्रभर लूप चालला, एकही ऊप्स नाही. मग वायर ओढून पण बघितली, पंचवीसेक वेळा, कंप्रेसर चालू-बंद करत.

लॉगर ईनोडेव्ह आला की बंद करून सिमलिंकवरून परत उघडतो, सगळे सेटपॉइंट परत पाठवतो आणि खंड किती सेकंदांचा होता ते लिहून ठेवतो. भुसावळच्या काकांचं ऐकून तापमानाचं कंट्रोल पूर्ण बोर्डमध्ये नेलंय, व्हेंटचा पंखा वेगळ्या साध्या टायमरवर. स्नबर लावल्यापासून चार दिवसांत दोनदाच यूएसबी पडलं, आधी दिवसाला सहा-सात वेळा व्हायचं. केबल आठ मीटर निघाली, आरएस४८५ चे कन्व्हर्टर मागवलेत.

एक राहिलं. रिलीजमध्ये मी बोर्डला "थांब" असा मेसेज पाठवायचो, आता डिसकनेक्टनंतर रिलीज आलं की तो पाठवायचा नाही हे कळतं, पण फ्लॅग तपासून मेसेज पाठवतानाच वायर गेली तर?

धुळे_कर्नल

मेसेज म्युटेक्सच्या आत पाठव, टाइमआउट देऊन. मध्येच गेली तर कॉल एरर घेऊन परत येईल, ती एरर गिळून पुढे जा, रिलीजमधून ती कोणाला सांगायची नाहीये. तेवढा वेळ डिसकनेक्ट म्युटेक्ससाठी थांबेल, म्हणून टाइमआउट अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त ठेवू नको. बाकी बठ्ठं बराबर शे भो. कोड टाक इथे, रविवारी वाचतो.